टॉर्चवाल्या काकांचा अंधार

माझे काका सिनेमाच्या थिएटरात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत नेत. थिएटर बंद पडल्यापासून घरात त्यांचा पाय एका जागी ठरेना. वेळ जावा म्हणून मी त्यांना एक कादंबरी दिली, तर दोन पानांतच उठले.

"ह्या लेखकाला अंधार म्हणजे एकटेपणा वाटतो. कधी थिएटरात गेलेला दिसत नाही."

"मग एकटेपणा कसा असतो?"

"लख्ख. सगळे दिवे चालू आणि खुर्च्या रिकाम्या."

"आणि मी कोण, भिंत?" काकू म्हणाली. तिला काकांनी सिनेमाला एकदाही नेलं नव्हतं.

काका येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी काकूनेच भरदुपारी पडदे ओढले, दिवे घालवले आणि ती दारात जाऊन उभी राहिली. काकांनी कपाटातून टॉर्च काढली आणि तिच्या पावलांपुढे उजेड धरला.

"जपून या, बाई. पुढची खुर्ची तुमची."