सासूने लाकूड उचललं तेव्हा

नवरा गेल्यावर मी गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या खोल्या झाडायचे, चादरी धुवायचे. एका सकाळी उठताच येईना. ताप नव्हता, कुठे दुखत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहायचे. मालकिणीने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरी बाई ठेवली. विधवांना सरकार देतं त्या मदतीवर घरात तांदूळ येत होते, रांधायची सासू.

धाकट्या दिराला ते पाहवेना. शिरगावच्या खाणीवर तो ट्रक चालवायचा, खाण बंद पडल्यापासून तोही घरीच होता. पण मी सरकारचं खाऊन लोळते, असं गावभर सांगायचा.

एका दुपारी त्याने माझ्या अंगावर बादली ओतली. मी हलले नाही. तेव्हा केसांना धरून त्याने मला उंबऱ्यावरून अंगणात ओढलं. कोपर फुटलं. पोटात लाथ बसली, तोंडात रक्ताची चव आली. मला रडूही आलं नाही. मारतोय तर मारू दे, एवढंच वाटलं.

सासू चुलीजवळचं लाकूड घेऊन बाहेर आली. पहिला घाव त्याच्या खांद्यावर, दुसरा कानाच्या वर. तो खालीच बसला. हात आडवा धरून म्हणाला, "आई, पुरे गो." ती थांबली नाही. लाकूड नुसतं वर जायचं आणि खाली यायचं. त्याचं मनगट वाकडं लोंबताना मला दिसलं. ही त्याला मारूनच टाकणार, हे कळलं आणि मी उठले. मागून तिला मिठी घातली. लाकूड सोडवताना तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

हाताला प्लास्टर घालून दीर सासुरवाडीला निघून गेला. कोपराला टाके घालायला सासूने मला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई झोपेचं, भुकेचं विचारू लागल्या. उत्तर सासूने दिलं, पण स्वतःचं.

"माकाय नीज येयना, बाय. पूत गेल्यापासून."

दोघींनाही गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटायला फार काळ गेला. पुढे पेडण्याजवळच्या एका कारखान्यात मला पॅकिंगचं काम मिळालं. कधी कधी सकाळी अजून उठवत नाही. मग सासू खाटेवर येऊन बसते.

दीर चवथीला येतो. गणपतीला हात जोडतो आणि न जेवता जातो. सासू त्याला थांब म्हणत नाही.