तेराव्या प्रश्नाचं उत्तर

आमच्या पाहणीच्या फॉर्मवर तेरावा प्रश्न होता : घरात रोज काही जाळता का? बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या बाया सरळ ‘इल्ला’, म्हणजे नाही, म्हणायच्या, आणि मागे चुलीवर अंघोळीचा हंडा धडधडत असायचा. माझी चिडचिड व्हायची. “अक्का, मग हे काय?” विचारलं की उत्तर ठरलेलं : ते होय, ते स्वल्पच. परतताना गाडीत मी बडबडत बसायचे, लोकांना स्वतःच्या घरातला धूर दिसत कसा नाही म्हणून. दूषित हवेनं माणसाच्या फुप्फुसांचं काय होतं, हा माझा विषय आहे. शहाणपणा पाजळायची खोड त्यातूनच लागली.

तुलनेसाठी काही स्वच्छ घरंही हवी होती. इलेक्ट्रॉनिक सिटीतला आमचा आठव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट मी त्यात घातला. चूल नाही, सिगारेट नाही, याहून स्वच्छ ते काय! लेक नुकतीच झाली होती, मी रजेवर होते. हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र बेडरूमच्या कपाटावर ठेवलं आणि तेराव्या प्रश्नापुढे स्वतःच्या हातानं ‘नाही’ लिहिलं.

यंत्राचा आकडा रोज सकाळी दहाच्या सुमाराला वर उडायचा. केर काढायच्या बाई त्याच वेळी येतात, म्हणजे झाडूची धूळ, असं मी ठरवून टाकलं. तेवढे आकडे गाळले, कारणाच्या रकान्यात ‘केर’ लिहिलं. पहिल्या निष्कर्षांचा आमचा छोटा शोधनिबंध लगोलग छापून आला, संस्थेत सगळ्यांना केसरीबात, म्हणजे इथला शिरा, वाटला, आणि मी लेकीला कडेवर घेऊन कौतुक करून घेतलं.

त्याच आठवड्यात लेकीला खोकला झाला. चार महिन्यांचं पोर. तिसऱ्या दिवशी दुपारी दूध ओढता ओढता थांबली, आणि पाहते तर श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडतोय. या खुणेचा अर्थ मला पाठ होता. पाठ होता म्हणूनच मी जास्त घाबरले. रिक्षात तिचे श्वास मोजायला लागले, तर आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेजारी बसलेल्या माझ्या आईनं बाळ माझ्याकडून काढून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, “घरात धूर होतो का?”

“मुळीच नाही,” मी ठणकावलं. “मी याच विषयात काम करते.”

त्या टाळू बघायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. “मग हिच्या जावळाला ओव्याचा वास कसला?”

अगं बाई, धुरी!

आई निपाणीहून बाळंतपणाला आलेली. रोज दहाला बाळाची अंघोळ झाली की लोखंडी घमेल्यात करवंटीचे निखारे, त्यावर ओवा, ऊद, वावडिंग. वारं लागू नये म्हणून बेडरूमच्या खिडक्या बंद. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यावर शेकायचं, मग मी ओले केस घेऊन बसायचे. सव्वा महिन्यानंतर थांबायचं खरं, पण बेंगळुरूच्या गारठ्याचं निमित्त करून आईनं चालूच ठेवलं, आणि मला ते सुखाचं वाटायचं. धुरी माझ्या मनात औषधाच्या कप्प्यात होती. तो धूर आहे, हे माझ्यासारख्या धुरावर जगणाऱ्या बाईला एकदाही सुचलं नाही. लाज वाटावी!

लेकीला ॲडमिट केलं. तिच्या एवढ्याशा नाकाला ऑक्सिजनची नळी. बाहेरच्या बाकावर मी लॅपटॉप उघडून गाळलेले आकडे काढले. केराच्या बाई दर रविवारी सुट्टी घेतात. आकडा मात्र रविवारीही दहालाच वर गेलेला होता, आनेकलच्या चुलीच्या घरांइतका. आत कोणी खोकलं की वाटायचं, तीच.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. आजार विषाणूचा होता, धुरानं त्यात किती भर घातली ते सांगता येणार नाही, आणि पुढे किती जपावं लागेल तेही आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती भीती अजून गेलेली नाही. आता लेक धावायला लागली आहे, तरी ती धावत आली की मी आधी तिचा श्वास ऐकते.

तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर मी नियतकालिकाला चूक कळवायला बसले. आईनं घमेलं घासून बाल्कनीत पालथं घातलं आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली.

“तुलाबी मी अशीच शेकलेली गं,” ती म्हणाली. मग पदराला हात पुसत, “माझ्यामुळं झालं काय हे?”

एकाच मुलाबद्दल असं ठामपणे सांगता येत नाही, हे वाक्य मी कित्येक सभांमध्ये म्हटलंय. ते आईसमोर तोंडातून निघेना. मी स्क्रीनवरचा जुना फॉर्म तिच्याकडे वळवला आणि तेराव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“आई, तू रोज माझ्यासमोर पेटवत होतीस. ‘नाही’ मी लिहिलंय.”