निम्म्यावरचा वायरमन

“सर, ही पक्कड ऱ्हाऊ द्या हितं. पक्कड हाय म्हंजे म्या येनारच!”

असं म्हणून आमच्या गल्लीतला वायरमन पंखा अर्धा उघडून निघून जायचा. शेजाऱ्यांकडे त्याचा टेस्टर पडलेला असे, समोरच्या घरी शिडी, कोपऱ्यावरच्या दुकानात ड्रिल मशीन. भोरमध्ये घरोघर त्याची हत्यारं अशी तारण ठेवलेली. त्यामुळे नव्या कामावर निघताना त्याच्या पिशवीत काहीच नसे. मग तो आमच्याच दारात येई. “सर, जरा पक्कड द्या की.” मी देत असे. पंखा तसाच.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल आणि तुम्हीही त्याच्यावर वैतागत असाल. मी वैतागून थांबलो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्याची मुलगी सहावीत माझ्या वर्गात होती. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची. फळ्यावर लिहायला पाठ फिरवली की खिडकीपाशी. पहिलं गणित चोख, दुसरं अर्धं, तिसरं वहीतच नाही. कंपासपेटी आठवड्याला एक हरवायची. ओरडलं की खरोखर वाईट वाटून घ्यायची आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा खिडकीत. मी हैराण झालो होतो. बाप कधी शाळेत आला नाही. यायला निघायचा, पण पोचायचा नाही. येई ती आई. मग माझा सगळा राग तिच्यावर निघे. वहीत लाल शाईने तीनदा शेरा लिहिला : “घरी वळण नाही. आईने लक्ष देणे गरजेचे.”

तो शेरा तिच्या सासूने शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. “मास्तर बी तेच म्हंत्यात,” म्हणत म्हातारीने ती वही गल्लीभर फिरवली. थोड्या दिवसांनी ती बाई मुलीला घेऊन मार्गासनीला माहेरी निघून गेली. मला वाटलं, पाहुणी गेली असेल.

त्याआधीच शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मुलीला पुण्यात दाखवायला चिठ्ठी दिली होती. नेण्याचं काम बापाचं. पहिल्यांदा तो एसटीतून वरव्याला उतरला, कारण खिडकीतून त्याला कुणाच्या तरी विहिरीवरची बंद पडलेली मोटार दिसली. दुसऱ्यांदा स्टँडवर एसटीची वाट बघता बघता कँटीनचा मिक्सर उघडून बसला. “सर, निस्तं बघत होतो. तेवढ्यात गाडी गेली.” तिसऱ्यांदा चिठ्ठी माझ्या खिशात ठेवून मीच त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं. मायलेकी नसरापूर फाट्यावर चढल्या. बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती माहेरीच राहते हे मला तेव्हा कळलं, आणि का, ते त्याने सहज, काहीच आरोप नसल्यासारखं सांगितलं.

पुण्यात डॉक्टरबाईंनी आधी आईला विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, “माझंच चुकलं असंल. सरांनी लिवून दिलंय.” आणि पिशवीतून वही काढून तिने समोर ठेवली. डॉक्टरबाईंनी तिन्ही शेरे वाचले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वही मिटली. मी भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान वाचत राहिलो.

“तुम्ही लहानपणी कसे होता?” त्यांनी बापाला विचारलं.

तो खुललाच. “म्या? लई बेकार! गुरुजी मला खांबाला बांधून घालायचे, बाई. म्या खांबाभवतीच फिरत बसायचो. दप्तरं तर इतकी हरवली, की शेवटी आयनं साखरंची पिशवी दिली. सातवीच्या पेपराला निम्मा पेपर लिवला आन् गडावर जानारी मानसं बघत बसलो. घंटा झाली, तवा…”

तिथे तो थांबला. मुलीने टेबलावरचं पेन उघडून त्यातली स्प्रिंग ताणायला घेतली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

“बाई, म्हंजे हे माझ्याकडनं गेलंय व्हय?”

“बरंचसं तसंच असतं,” त्या म्हणाल्या. “लक्ष न टिकणं, एका जागी बसता न येणं, हे पुष्कळदा घराण्यातून येतं, उंची येते तसं. त्याचं एकच जनुक नाही, की रक्त तपासून दाखवता येईल. अनेकांचा थोडा थोडा वाटा असतो. बाकीच्याही गोष्टी असतात. पण आईने वळण लावलं नाही म्हणून हे होत नाही. यात गुन्हेगार कुणी नाही. उपचार आहेत, ते करू.”

मुलीची आई पदराने डोळे टिपत होती. तो मात्र पाच मिनिटं हललाही नाही. इतका वेळ एका जागी मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर म्हणाला, “सर, हे आता वहीत लिवा. लाल शाईनंच लिवा. आमच्या म्हातारीला डॉक्टर पटत न्हाईत, तुमचं पटतं.”

“लिहितो,” मी म्हणालो.

लिहिलं नाही. परीक्षा होत्या, कामं होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ‘माझी चूक झाली’ असं विद्यार्थिनीच्या वहीत लिहायचं, आणि ते मुख्याध्यापकांच्या नजरेला पडणार. शिवाय बावीस वर्षांत असे शेरे मी किती वह्यांत लिहिले असतील, हा विचार सुरू झाला की पेन उचलवत नसे. तीन आठवड्यांनी तोच शाळेत आला, मुलीचा दाखला न्यायला. “म्या बी तिकडंच जातो ऱ्हायला, सर. बायको हितं यायला तयार न्हाई. तिचं खरं हाय.” अर्जावर सही मात्र निम्मीच करून गेला. त्याच्यामागे धावत जाऊन मी ती पुरी करून घेतली.

पुढच्या रविवारी मी एका कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं आणि मार्गासनी गाठली. तो घरी नव्हता. मुलीला घेऊन कुणाची तरी मोटार बघायला गेला होता. त्याच्या बायकोने कागद उभ्यानेच वाचला.

“ह्यांनीच सांगितलं की समद्यास्नी,” ती म्हणाली. “म्हातारीच्या दारात उभं ऱ्हाऊन, गल्ली गोळा करून. मधीच कुनाचा बल्ब बघाय गेले, पुन्हा आले, पुन्हा पहिल्यापासनं सांगितलं. पन पुरं सांगितलं.” कागदाची घडी घालून तिने तो मला परत दिला. “आता ह्याचा काय उपेग, सर? च्या घेता का?”

चहा घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो. गावाबाहेर गाडी करकचून थांबली. रस्त्याच्या मधोमध मोटारसायकल उभी करून तो आणि मुलगी विजेच्या खांबाकडे माना वर करून बघत होते. ड्रायव्हरने चारदा हॉर्न दिला. दोघांनाही पत्ता नाही.

“बापाला कळंना, पोरीला कळंना,” कंडक्टर माझ्या शेजारी उभा राहून करवादला. “घरातली बाई काय करती? तिनं वळन लावाय नको?”

माझ्या तोंडून “नाही हो” इतक्या जोरात निघालं, की पुढच्या बाकावरचे दोघे वळले. मग मी उभा राहिलो आणि नसरापूर येईपर्यंत त्या कंडक्टरला समजावत राहिलो. त्याने दोनदा सांगितलं, “सायेब, आधी तिकीट घ्या.”