मी म्हणाले, थ्री नॉट थ्री!

शेजारच्या आजोबांची रायफल मी ओळखली आणि साफ चुकीची ओळखली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे लपवाछपवी नको.

आम्ही अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी राहतो, लेकीची नोकरी इथल्या युनिव्हर्सिटीत. शेजारी एक अमेरिकन आजोबा आहेत. आजोबा म्हणते खरी, पण माझ्याहून सहाच वर्षांनी मोठे. त्यांचा धाकटा भाऊ यंदा वारला आणि त्याची जुनी लष्करी रायफल यांच्याकडे आली. भावाने ती कुठल्याशा प्रदर्शनात सेकंडहँड घेतली होती. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की शनिवारी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो, तेव्हा दोघे भाऊ दर वर्षी डोंगरात जायचे. यंदा आजोबांना एकट्यानेच जायचं होतं, पण भावाची रायफल घेऊन. आणि तिला काडतूस कुठलं लागतं, तेवढंच भाऊ सांगून गेला नव्हता.

तर ते माझ्याकडे का आले? रायफलीच्या लोखंडावर आपले अशोकस्तंभाचे सिंह होते, म्हणून. भावाने घासूनपुसून वर काळा रंग दिलेला, त्यात नंबर सोडून बाकीची अक्षरं बुजून गेलेली. आजोबा म्हणाले, "ही तुमच्या देशातली आहे. तुम्हाला माहीत असेल."

असं कुणी म्हटल्यावर माझी जीभ थांबते होय! माझे वडील सोलापूरला पोलिसात हवालदार. दसऱ्याला पोलीस लाइनीत शस्त्रपूजा असायची. रायफली ओळीने मांडायच्या, त्यांना झेंडूच्या माळा, आणि आम्ही मुलींनी हळदकुंकू वाहायचं. इथे समोर तोच लाकडी दस्ता, नळीच्या टोकाला तीच चपटी लोखंडी टोपी. मी म्हणाले, "थ्री नॉट थ्री! डोळे मिटून सांगते."

खरं सांगते, खालची गोळ्यांची पेटी मला जरा वेगळी वाटली होती. वडिलांच्या रायफलीची पेटी उतरती असायची, ही चौकोनी. पण म्हटलं, असेल बाई, अमेरिकेत येऊन बदलली असेल.

सोमवारी आजोबा पुन्हा दारात. थ्री नॉट थ्रीचा खोका घेऊन आले होते.

"काडतूस आत जातं, पण पुरतं बसत नाही," ते म्हणाले. "मागचा सरकता बोल्ट बंदच होत नाही. जुनी आहे, आखडली असेल. तुम्ही सांगितलंय म्हणजे तीच असणार. लाकडी हातोडीने जरा ठोकून बघतो."

माझ्या एका शब्दावर हा माणूस जिवंत काडतुसावर हातोडी चालवणार होता!

"ठोकू नका!" मी ओरडलेच. "मला... मला नक्की माहीत नाही."

"पण तुम्ही डोळे मिटून सांगितलं होतं."

"तिथेच चुकलं. डोळे उघडे ठेवायला हवे होते."

लेक आतून आली. "आई, सीरियसली! तू कधी रायफल हातात तरी धरली आहेस का?"

"कुंकू लावलंय."

"कुंकू लावलं की कॅलिबर कळतं?"

तिने फोनवर शोधलं. तर काय, अशा दिसणाऱ्या दोन निघाल्या! एक जुनी थ्री नॉट थ्री. आणि दुसरी नंतर आपल्याकडेच त्याच बांध्यात केलेली, पण वेगळ्या, आखूड काडतुसाची. "हिची पेटी चौकोनी असते," लेकीने वाचून दाखवलं. पेटीचं मला आधीच दिसलं होतं, हे तिला आता इथे वाचूनच कळेल.

दुसऱ्या दिवशी आजोबा बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे निघाले. मी कोट चढवून त्यांच्या ट्रकपाशी हजर. लेक म्हणाली, "तू कशाला?" म्हटलं, चूक कोणाची?

दुरुस्तीवाला घरामागच्या गॅरेजमध्ये बसतो. दाढीवाला, मोजकं बोलणारा. आम्ही पेटीचं सांगितलं, तर मान हलवून म्हणाला, "दिसण्यावर जायचं नाही. मध्ये कुणी नळी बदलली असेल, कुणी आतून कोरून मोठी केली असेल. काडतूस बसतं त्या घराचा साचा काढू, मग बोलू."

साचा म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. त्याने आधी रायफल रिकामी आहे ना पाहिलं, बोल्ट काढला, काडतुसाचं घर पुसलं आणि त्याच्या पुढे नळीत चिंधीचा बोळा ठासला. मग पळीत एक राखाडी धातूचा तुकडा घेतला. मला वाटलं, आता भट्टी पेटवणार. अहो, तो गरम पाण्यावर वितळला! चहा उकळेपर्यंतसुद्धा थांबला नाही. तो रस त्याने मागून काडतुसाच्या घरात ओतला.

"आम्ही पाडव्याला साखरेचं असंच करतो," मी म्हणाले. "लाकडी साच्यात पाक ओततो, मध्ये दोरा. माळ होते, गळ्यात घालायची."

"आणि मग?"

"मग खायची."

"ही खाऊ नका," तो म्हणाला.

धातू थिजल्यावर त्याने पुढून सळई घालून हळूच ढकललं. फडक्यावर टप्पकन पडला तो साचा: चकचकीत, मागे जाड, पुढे निमुळता. "मोजा ना!" मी म्हणाले.

"थांबायचं. हा आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो. तासाभराने खरं माप देतो."

तासभर! मला कुठला धीर धरवतोय. पण त्या तासात आजोबा बोलले. "ही घेतली तेव्हा मी त्याला हसलो होतो. म्हटलं, कुठलं जुनं लाकूड उचलून आणलंस? तो दर वर्षी म्हणायचा, एकदा चालवून तर बघ. मी कधी हातात घेतली नाही."

तासाने दुरुस्तीवाल्याने माप घेतलं. लांबी एक्कावन्न मिलिमीटर आणि वर जरासं. थ्री नॉट थ्रीचं छप्पन असतं म्हणे. "सात पॉइंट बासष्ट," तो म्हणाला. म्हणजे लेकीने शोधलेली दुसरी, आखूड काडतुसाची. बोल्ट मिटल्यावर मागे फट किती उरते तेही त्याने दोन गेज घालून तपासलं, नळीत दिवा धरून पाहिलं, मग म्हणाला, "चालवा. पण फौजी मापाचंच काडतूस घाला, जास्त जोराचं नको."

"आणि हातोडी मारली असती तर?" मी विचारलं.

"कदाचित काही झालं नसतं," तो म्हणाला. "कदाचित तिथेच फुटलं असतं."

परतताना ट्रकमध्ये मी आजोबांची माफी मागितली. ते म्हणाले, "मीसुद्धा विचारलं कोणाला, तर कुंकू लावणारीला!" आमचं मराठीतलं बोलणं लेकीने त्यांना भाषांतर करून सांगितलं होतं तर.

शनिवारी उजाडल्यापासून डोंगराकडून आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला मी खिडकीशी. दुपारी ट्रक दिसला तशी ड्राइव्हवेवर धावले. आधी त्यांची बोटं मोजली. दहा. डोळे दोन. मग विचारलं, "हरीण?"

"दिसलं. ते माझ्याकडे बघत राहिलं, मी त्याच्याकडे. मग गेलं."

"म्हणजे झाडलीच नाहीत?"

"झाडली ना. ते गेल्यावर, एका वठलेल्या झाडावर. चालते कशी ते बघायला."

"कशी चालते?"

त्यांनी खांदा चोळला आणि सांगायला तोंड उघडलं. "इथे नको," मी म्हणाले, "आत या. चहा टाकते, बसून पहिल्यापासून सांगा."