नातं निघालं आन् खोली हातची गेली

खोली बघितल्या बघितल्या मी मनात पडदेसुद्धा लावून टाकले! खोली साधीच, वर पत्रे, पण जागा बघा ना. दारातून बाहेर पडलं की नाका. तिथं पाटोद्याची जीप थांबते, शिरूरची एसटी थांबते, बीड शहरात जायला ऑटो तर सारखेच. मी बीडला लॅबमधी लोकांचं रक्त काढते. लोकं सकाळी उपाशीपोटी येऊन बसत्यात, आन् आमच्या गावची जीप गच्च भरल्याबिगर हलत न्हाई. सर म्हणले होते, "आता उशीर झाला तर घरीच बसा मॅडम." म्हणजे खोली पायजेच होती. आन् हीच!

घरमालकीण मावशी चहा घेऊन बसल्या. "गाव कंचं?" सांगितलं. "आन् आजोळ?"

ओळख निघाली की काम होतंय, हे मी लहानपणापासून ऐकत आलेले. फुशारकीनं सांगितलं, "नांदूरघाट! मामा तिथलेच."

"अगं बया! माझी नणंद त्याच भावकीत दिलीय की! तू तर आमचीच लेक!"

जमलं! मावशींनी पोहे केले, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आन् म्हणल्या, "पण खोली न्हाई देता यायची, बाई."

"कावून?"

"घरच्या लेकीकडून भाडं घेऊ व्हय? नणंद तोंडात शेण घालंल. आन् फुकट ठेवलं तर आमचे मालक मलाच बाहेर काढतील."

"लई लांबचं नातं हाय हो मावशी!"

"नातं काय जीपनं मोजतेत व्हय?"

मी घाबरून आईला फोन लावला. स्पीकरवर. "आई, ह्या नाक्यावरच्या मावशी, नांदूरघाटच्या भावकीतल्या मामींच्या भावजय..."

"कोण, ती? तिच्या लेकाच्या लग्नात सगळ्यांना साड्या आन् मला ब्लाऊजपीस! तिच्या घरचं पाणीबी पिऊ नको!"

माझ्या तोंडात पोह्याचा घास. मावशी फोनवर वाकल्या. "आन् तुमी? जेवल्याबिगर रुसून गेलत्या, त्याचं काय?"

"जेवा म्हणलंच कुणी?"

"म्हणायला कशाला पायजे? तुमच्याकडची बाकी सगळी अक्षता पडायच्या आत पंगत धरून बसलती की!"

आईनं फोन कट केला. मी गुपचूप पर्स उचलली.

"निघाली कुठं? बस. आता कसलं नातं आन् कसलं काय. पयल्या तारखेला भाडं, पाणी जपून वापरायचं. ही घे चावी."

आता लॅबचं कुलूप मीच उघडते, बोला! फक्त एक टेन्शन हाय. आईचा राग उतरायला लागलाय. "येऊन मिटवून टाकू का गं?" म्हणते. इकडं मावशी म्हणतेत, "हुरड्याला घेऊन ये की तिला." मी दोघींनाबी एकच सांगते, "अजून लई तापलेल्या हायत. थांबा जरा."