धार कोणाच्या हातची

महादेवीचा नवरा गुरुसिद्ध याचं महाद्वार रोडला कटपीसचं दुकान होतं. दिवसाआड सकाळी गंगावेशीतल्या केरबाच्या सलूनमध्ये दाढी करून घ्यायची आणि मगच दुकानाचं कुलूप काढायचं, हा त्याचा नेम लग्नाच्याही आधीपासूनचा. तो नेम मोडला पंच्याण्णव साली. केरबानं एके दिवशी जुने वस्तरे फडताळात टाकले आणि अर्धं ब्लेड अडकवायचा नवा वस्तरा हातात घेतला.

"कसलाकसला रोग आलाय म्हणं," केरबा म्हणाला. "गिऱ्हाईक घाबरतंय. दर दाढीला नवीन ब्लेड."

"ब्लेडनं करायची तर मी घरातच करतो की."

"मग करा की. कोण नको म्हणतंय?"

आता दोघांचंही बोलणं आधीच रोखठोक, त्यात खुर्चीवर वाट बघणारी चार माणसं कान देऊन ऐकत होती. गुरुसिद्धाला माघार घेता येईना. त्यानं केरबाकडचा जुना वस्तरा मागितला. केरबानं तो कागदात गुंडाळून हातावर ठेवला आणि म्हणाला, "वस्तरा न्या. धार कुठनं देऊ?"

घरी आल्यावर गुरुसिद्धानं महादेवीला सांगितलं की आजपासून दाढी घरीच, आणि धारही घरीच. महादेवी नेसरीची. मनात आलं ते तोंडावर बोलायचं हे ती माहेरहून शिकून आली होती, आणि कधी बोलायचं नाही हे सासरी आल्यावर शिकली होती. ती "बरं" म्हणाली.

मागच्या दारी धुण्याचा दगड होता, त्याच्या कडेला ती विळी घासायची. गुरुसिद्धानं तिथंच बैठक मारली आणि वस्तरा विळीसारखाच खसाखसा घासला. पाठ उचलून, जोर लावून, वर घाम पुसत. दुसऱ्या दिवशी तो हनुवटीवर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून दुकानात बसला.

"शेट, मांजर पाळलंयसा काय?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"न्हाय. साबण बदललाय."

ही हकीकत ऐकून महादेवी पदर तोंडाला लावून पोट दुखेपर्यंत हसली. पण गुरुसिद्ध पांढरे शर्ट घालायचा, आणि त्यांच्या कॉलरवरचे रक्ताचे डाग तिलाच चोळावे लागत. पंधरवडाभर चोळल्यावर तिचं हसू आटलं. नवरा मागं सरणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग एका दुपारी ती दळण घेऊन गिरणीत गेली. तिथं केरबाची बायको अंबूबाई नंबर लावून बसलेली असते, हेही तिला ठाऊक होतं.

"अंबूबाई, तुमच्या मालकास्नी विचारून सांगा की, वस्तऱ्याला धार कशी लावायची."

अंबूबाईनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्येंला काय विचारायचं? त्येंला कुठं येतंय? लगीन झाल्यापासनं ही ब्लेडं येस्तवर मीच लावत हुतो. दुपारी जेवाय आलं की वस्तरं माझ्यापुढं टाकायचं आन् घोरायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, केरबाचा हात लई हलका."

दोघी पीठ पडेपर्यंत हसल्या. गिरणीवाल्याला वाटलं, कुणाच्या तरी सुनेचा विषय निघालाय.

दुसऱ्या दिवसापासून महादेवीची शिकवणी सुरू झाली. गुरुसिद्ध दुकानात गेला की अंबूबाई घरामागच्या परड्यातून यायची. तिनं येताना पथरी आणली, म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा तळहाताएवढा, लोण्यासारखा गुळगुळीत दगड. महादेवीनं पहिल्यांदा वस्तरा दगडावर ठेवला तसा अंबूबाईनं तिचा हात धरला.

"दाब देऊ नको. भाकरी थापतीयास का? वस्तरा निजव. पाठ बी टेकली पायजे, धार बी टेकली पायजे. पाण्याचा थेंब टाक आन् धार पुढं करून ढकल. साय काढल्यागत. आता उलटा करताना पाठीवर उलट, धारेवर न्हाय."

"कळायचं कसं, झालं म्हणून?"

"कान दे. आधी खरखर करतंय, मग गप्प हुतंय."

दगडावरून उतरला की वस्तरा चामड्यावर फिरवायचा, आणि तिथं सगळं उलट, पाठ पुढं आणि धार मागं. त्यासाठी महादेवीनं गुरुसिद्धाचा जुना कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला. पहिल्याच दिवशी सवयीनं धार पुढं गेली आणि पट्ट्याचे दोन तुकडे झाले. गुरुसिद्धानं पट्टा शोधला तेव्हा तिनं तो उंदरांच्या नावावर घातला. दुसरा पट्टा मात्र टिकला. एका दुपारी तिनं अंबाड्यातला एक केस उपटून धारेला नुसता लावला आणि केसाचे दोन केस झाले. अंबूबाई चहा ठेव म्हणाली. पथरी ज्वारीच्या डब्यात लपली, आणि त्या डब्यात गुरुसिद्धाचा हात जन्मात गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुसिद्धानं गालावर वस्तरा ठेवला आणि तो लोण्यातून गेल्यासारखा खाली उतरला. आरशात बघत त्यानं गालावरून उलटा हात फिरवला.

"बघितलंस? दगडाला हात बसला माझा."

"बसला की," महादेवी म्हणाली.

इथंच तिनं थांबायला हवं होतं. पण माणसाच्या हातात अशी किल्ली आली की ती फिरवून बघावीशी वाटते. गुरुसिद्धानं एकदा आमटीला नावं ठेवली. तिनं वस्तऱ्याची धार पितळी तांब्याच्या काठावरून एकदाच ओढली आणि वस्तरा जागेवर ठेवून दिला. सकाळी न्हाणीघरातून "आई गं" ऐकू आलं. आठवड्यानं त्यानं तिचं माहेरी जाणं पुढं ढकललं. तांब्या जागेवरच होता. तिला दोन दिवस नेसरीला पाठवलं, तेव्हा परत आल्या आल्या तिनं अशी धार लावली की गुरुसिद्ध दाढी करता करता, अभंग म्हणावा तसं, कन्नड वचन म्हणू लागला.

हे असं कधी चांगलं, कधी वाईट का होतं, यावर गुरुसिद्धानं पुष्कळ डोकं चालवलं. आधी त्यानं पाण्याला दोष दिला, मग हवेला. शेवटी त्याला शोध लागला की पौर्णिमेच्या आसपास लोखंड मऊ पडतं. दुकानात कापड मोजता मोजता तो हे गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा, आणि गिऱ्हाइकं मान डोलवायची. शेजारचा गुंडू, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, त्यानं तर पौर्णिमेला दाढी करायचंच सोडलं. पुढं तो आपला वस्तराही गुरुसिद्धाकडं आणून देऊ लागला. गुरुसिद्ध कट्ट्यावर बसून तो चारचौघांत घासायचा आणि म्हणायचा, "आता एक दिवस मुरू दे." तो मुरायचा तो महादेवीच्या हाताखाली.

ही कीर्ती गंगावेशीत पोचली. एका रविवारी केरबा स्वतः घरी यायचा आहे असं गुंडूनं सांगितलं. महादेवीनं गुरुसिद्ध आंघोळीला गेल्याचं बघून पथरी काढली आणि जीव ओतून धार लावली.

केरबा आला, बाहेरच्या सोप्यात टेकला. गुंडूही साक्षीला येऊन बसला होता. "ऐकलंय, तुमाला जमलं म्हणं," केरबा म्हणाला.

"तुझ्यापुढंच लावून दाखवतो की," म्हणत गुरुसिद्ध वस्तरा घेऊन मागच्या दाराकडं निघाला.

"च्या निवतोय, आधी च्या घ्या," महादेवी घाईनं म्हणाली. नवऱ्यानं तो दगडावर घासला की धार गेलीच.

तेवढ्यात केरबानं गुरुसिद्धाच्या हातून वस्तरा घेतला. उजेडाकडं धरला. अंगठ्याचं पोट धारेवर आडवं फिरवलं. मग मनगट ओलं करून तिथले केस उतरवले, आणि एकदम गप्प झाला. त्याच्या गल्ल्यावर वीस वर्षं ज्या धारेनं पैसे आणले, ती धार त्याला ओळखू येणार नाही असं कसं होईल? त्यानं मान वर केली. दारात महादेवी ट्रे घेऊन उभी होती आणि सरळ त्याच्याकडं बघत होती.

खरं बोलावं तर स्वतःचंच उघडं पडणार होतं. केरबानं चहाचा एक घोट घेतला.

"जमलं की राव," तो म्हणाला. "माझा हात हाय तसाच तुमचा हात हाय."

महादेवी ट्रे तिथंच ठेवून आत पळाली, कारण हसू दाबताना तिला ठसका लागला होता.

जेवताना गुरुसिद्ध खूश होता, पण काहीतरी खुपतही होतं. "केरबा असं सहजासहजी मान्य करणारं माणूस न्हाय. मधीच गप्प का झाला गं?"

महादेवीनं त्याला भाकरी वाढली आणि सगळं सांगून टाकलं. गिरणी, पथरी, अंबूबाई, उंदीर. तांब्याचंही सांगितलं. गुरुसिद्धाचा घास हातातच राहिला. त्यानं रागवायचा प्रयत्न करून बघितला, पण चेहरा साथ देईना.

"मग पौर्णिमेचं काय?" त्यानं विचारलं.

"पौर्णिमेला तुमचा उपास असतोय. भुकेनं चिडचिड करतायसा."

तो आधी नाकातून हसला, मग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं वस्तरा तिच्यापुढं ठेवला. मला शिकव, असं मात्र म्हणाला नाही. गुंडूला दोघांनीही काही सांगितलं नाही, आणि तो पौर्णिमा पाळत राहिला.

पुढं दोन हजार चार साली गुरुसिद्धाच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. सलूनमध्ये परत जायला तो लाजला, तेव्हा दाढीही महादेवीच करू लागली. खिडकीपाशी खुर्ची मांडायची, टॉवेल गुंडाळायचा, साबणाचा फेस करायचा. घरातल्या अवघड गोष्टी ती याच वेळी काढायची. थोरली लेक दानेश्वरी डिप्लोमा होऊन बसली होती. तिला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, आणि गुरुसिद्ध पोरीला तिकडं पाठवायला तयार नव्हता. महादेवीनं त्याची मान मागं कलवली, वस्तरा गळ्याच्या घाटीवर टेकवला आणि शांतपणे म्हणाली, "दानेश्वरी सोमवारपासनं कामाला जाणार हाय. कंपनीची बस हाय, नाक्यावर येतीय."

गुरुसिद्धानं फक्त डोळे हलवले. तोंड धुऊन झाल्यावर त्याला आवाज फुटला.

"मी व्हय कुठं म्हटलं?"

"न्हाय बी म्हटला न्हाईसा," महादेवी म्हणाली आणि टॉवेल झटकायला मागच्या दारी गेली.