टोकावड्याचा रेन शॉवर

बारा इंची रेन शॉवरमधून पाण्याच्या नऊ धारा पडल्या. मी मोजल्या. राजेंद्र खाली हात धरून उभा होता. हात ओला व्हायला बराच वेळ लागला.

"काका, कॉक पूर्ण उघडलाय ना?"

"पूर्ण. आणखी फिरवला तर हातात येईल."

टोकावड्याजवळच्या त्याच्या घरात बाथरूम आणि किचनचं रिनोव्हेशन चाललं होतं. मी शहापूर-मुरबाड भागात तीस वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय. टाइल लावायच्या आधी प्रत्येक फिक्स्चर तात्पुरतं जोडून मालकाला चालवून दाखवायचं, ही माझी पद्धत. फिक्स्चर म्हणजे नळ, शॉवर, कमोड, सिंक. वापरणाऱ्याचा हात जिथे लागतो ते सगळं. टाइल लागल्यावर दिसलेली चूक छिन्नीनेच काढावी लागते.

किचनचा प्रश्न राजेंद्रच्या बायकोने, सुनीताने, एका फेरीत मिटवला होता. घरातला सगळ्यात मोठा टोप घेऊन ती मुरबाडच्या दुकानात गेली आणि तो आडवा मावेल तेच सिंक घेतलं. दुकानदार हसला. मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला.

बाथरूम मात्र राजेंद्रने स्वतःकडे ठेवलं होतं. ऑफिसच्या कॉन्फरन्ससाठी तो दोन दिवस मोठ्या हॉटेलात राहिला आणि येताना तिथलं बाथरूम डोक्यात घेऊन आला. करत होता आईसाठीच. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. परसातल्या संडासात उकिडवं बसणं बंद. बाथरूम होईपर्यंत ती कल्याणला लेकीकडे होती आणि घरी कधी नेतोस म्हणून रोज फोन करत होती.

"प्रेशर पंप बसवू," राजेंद्र म्हणाला.

मी समजावलं. पाण्याला जोर उंचीमुळे येतो. तुझ्या टाकीतलं पाणी शॉवरच्या जेमतेम सहा फूट वर आहे. या शॉवरला तीस फूट तरी उंची हवी. पंपाने जोर येईल, पण लाइट गेल्यावर?

"इन्व्हर्टर लावू."

"अरे, अंघोळ करायचीय. जहाज चालवायचं नाही."

त्याने कॉक बंद केला. मी म्हणालो, "वापरणार कोण? तिला आण."

शनिवारी लेक आईला गाडीतून घेऊन आली. वॉकर टेकत आई बाथरूमच्या दारात थांबली.

"बादली कुठं ठेवायची रे?"

"आई, बादली नाय लागणार. पाणी वरनं येतं."

"वरनं पाणी घ्यायला मी काय भाताचं रोप हाय?"

सुनीता किचनमध्ये पळाली. तिथून हसण्याचा आवाज आला.

मग कमोडची उंची ठरवायला मी विटा रचून वर फळी टाकली आणि आईला बसवलं. सोळा इंचांवरून उठताना तिने माझा खांदा धरला. वीसवर पाय लोंबकळले. अठरावर ती भिंतीला नुसता हात लावून उठली.

"हे बेस हाय, मिस्त्री. लिवून घ्या."

भिंतीला टांगायचं कमोड हव्या त्या उंचीवर बसवता येतं. ते राजेंद्रने हॉटेल बघूनच निवडलं होतं, पण निवड बरोबर निघाली. त्याचा चेहरा जरा खुलला. आईचा हात भिंतीवर जिथे आपोआप गेला होता, तिथे पेन्सिलने खूण करून स्टीलचा दांडा लावला. शॉवरच्या जागी नळ असा घेतला की खाली बादली सहज जाईल आणि स्टुलावर बसून साबणाच्या हातानेही फिरेल.

काम संपल्यावर आई कल्याणहून घरी आली. पहिल्या अंघोळीला लेक आणि सून दोघी मदतीला आत शिरल्या. तिने दोघींना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. आम्ही दाराबाहेर उभे. बादलीत पाणी पडायला लागलं.

"काय उभे ऱ्हायलेत सगळे?" आतून आवाज आला. "जा, तुमाला कामं नायत?"

आम्ही गेलो.

शोरूममध्ये सगळेच नळ सुंदर दिसतात. तिथे त्यांना पाणी जोडलेलं नसतं.